आंब्यावरील तुडतुडे व त्यांची ओळख

मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या दाट बागेंत शिरून फांदी हालविली असतां, वाळल्या पानांवर बारीक सर पडावी तसा तडतड आवाज होतो. हा आवाज तुडतुड्यांच्या उड्यांचा होय. कोंकणांतील बागाईतदारांस तो चांगला परिचित आहे. तथापि तुडतुडा म्हणजे एकच किडा, असें समजून जे केवळ शेंड्यांवर औषध मारून मोकळे होतात, त्यांचा पैसा पुष्कळ वेळां अस्थानीं खर्च होतो. आंब्यावर मुख्यतः तीन जातींचे तुडतुडे येतात, व त्यांची राहणी सारखी नाहीं.

प्रथम हातीं आलेला किडा आंब्याचा तुडतुडाच आहे, याची खात्री करावी. पहांटेच्या थंडींत हे किडे सुस्त असतात. त्या वेळीं फांदीखालीं पांढरें धोतर पसरून ती झटकावी व पडलेले किडे कांचेच्या बाटलींत घ्यावे. आंब्याचा तुडतुडा पाचरीच्या आकाराचा असतो : डोकें रुंद, मागचा भाग निमुळता, पंख पाठीवर छपरासारखे मिटलेले. दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून मागच्या पायाची नळी पाहिल्यास तिजवर बारीक कांट्यांच्या ओळी दिसतात. थुंकीसारख्या फेंसांत वाढणाऱ्या किड्यांच्या नळीवर असे कांटे एक-दोनच व जाड असतात. बागेलगत भाताचीं खाचरें असल्यास रात्रीं दिव्यावर हिरवे, पंखांच्या टोंकाशीं काळे असलेले तुडतुडे गर्दी करितात. ते भाताचे होत. त्यांना पाहून आंब्यावर फवारणी करण्याचें कारण नाहीं.

आतां जाती ओळखण्याची खूण. मानेमागें, दोन्ही पंखांच्या मुळांमध्यें एक लहान त्रिकोणी ढाल असते. तिजवरील ठिपके मोजावे. ठिपके तीन असून फिकट तपकिरी पंखांवर ठळक पांढरा आडवा पट्टा असेल, तर ती मध्यम आकाराची जात इडिओस्कोपस निटिड्यूलस. ठिपके दोन असल्यास आकार पाहावा. तिघांत मोठा, फिकट तपकिरी, सुमारें साडेचार ते पांच मिलिमीटर लांबीचा असेल तो अॅम्रिटोडस अॅटकिन्सोनी. सर्वांत लहान, साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास व माथ्यावर काळसर ठिपके असलेला तो इडिओस्कोपस क्लायपिअॅलिस. या शेवटच्या दोन जातींचें वर्णन लेथिएरी नांवाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें १८८९ सालीं प्रसिद्ध केलें. नांवें जड आहेत खरीं, पण तीं पाठ नसलीं तरी चालेल. ठिपके व आकार ध्यानांत असले म्हणजे झालें. पंख न फुटलेल्या पिलांवरून मात्र जात ठरवूं जाऊं नये.

पहिल्या दोन-ठिपकी मोठ्या जातीचा मुक्काम बहुधा खोडावर असतो. मोहोर नसतांना सालीच्या भेगांत ते दडून राहतात. बाकीच्या दोन जातींचा जोर पालवीवर व मोहोरावर अधिक. मादी मोहोराच्या दांड्यांत, कळ्यांत व कोंवळ्या पानांच्या शिरेंत अंडीं खुपसते. आठवड्याच्या आंत पिलें बाहेर पडतात व सुमारें दोन आठवड्यांत पूर्ण वाढतात. म्हणून एकाच मोहोरांत त्यांची संख्या पाहतां पाहतां वाढते. रस शोषला गेल्यानें कळ्या व बारीक फळें गळतात. त्यांच्या अंगांतून निघणारा चिकट गोड द्रव पानांवर सांडून त्यावर काळी बुरशी चढते. आपल्याकडे यालाच खार पडणें म्हणतात. खार हा मूळ रोग नव्हे. तुडतुडे राहिले तर तो धुऊन काढला तरी पुन्हां येणार.

म्हणून पालवी पोपटी असतांना, मोहोर फुटण्यापूर्वींच, खोड व जाड फांद्यांच्या भेगा भिंगानें तपासाव्या. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या वेळापत्रकांतही पहिली फवारणी याच अवस्थेस सांगितली आहे. खोडावर मोठी जात आढळल्यास औषध शेंड्यांबरोबर खोडावरही पोंचलें पाहिजे. मोहोर पूर्ण उमलल्यावर फवारणी टाळावी. आंब्याचें परागीकरण माश्या व मधमाश्या करितात आणि विष त्यांनाही मारतें. तुडतुड्यांस दाट सावली व ओल मानवते. म्हणून फळ उतरल्यावर गर्दीच्या व वाळक्या फांद्या काढून झाडाच्या पोटांत ऊन पोंचेल असें करावें. बांधावरील रायवळ आंबाही पाहण्यास विसरूं नये. तोही त्यांचें घरच आहे.