यादी कुणाच्या नावावर?

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की दिवसभराच्या सौद्यांची यादी लांबतच जाते. नांदेडला १९८१ साली सुरू झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने, समजा, या सौद्यांचा सरासरी भाव काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एका क्विंटलचा भाव म्हणजे साधा आकडा, चार बाइटचा. तो फंक्शनला दिला की त्याची प्रत जाते, मूळ आकडा जागेवरच राहतो. इथवर काही अडत नाही.

अडतं ते यादीपाशी. हजारभर सौदे मेमरीत एकीकडे पसरलेले असतात. प्रोग्रॅमच्या हाती असतो त्यांचा पत्ता, लांबी आणि राखलेल्या जागेचा आकडा. आजच्या ६४ बिटी संगणकावर हे सगळं साधारण २४ बाइटमध्ये मावतं. मग फंक्शनला काय द्यायचं? सगळे सौदे उतरवून दिले तर वेळ आणि मेमरी जाते. नुसता पत्ता दिला तर एका यादीला दोन मालक होतात. काम संपल्यावर दोघेही ती जागा मोकळी करायला गेले, की प्रोग्रॅम कोसळतो; किंवा कोसळत नाही आणि गुपचूप चुकीची उत्तरं देत राहतो, जे जास्त वाईट.

सी प्लस प्लसमध्ये यादी अशी थेट दिली की प्रतच निघायची. २०११च्या आवृत्तीत 'मूव्ह'ची सोय आली. तिथल्या मूव्ह या फंक्शनचं नाव मात्र फसवं आहे. ते स्वतः काहीच हलवत नाही. 'यातला ऐवज काढून घेतला तरी चालेल' एवढी मुभा देतं. ऐवज गेलेली यादी नंतर कुणी चुकून वापरली, तर भाषा त्याला अडवत नाही.

रस्ट अडवते. मोझिलात काम करणाऱ्या ग्रेडन होअर यांनी सुरू केलेल्या या भाषेची १.० आवृत्ती मे २०१५मध्ये आली. तिच्यात यादी दिली म्हणजे दिली. फेरफार होऊन सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर जुन्या मालकाने तीच जमीन पुन्हा विकू नये, तसंच हे. फरक एवढाच, की जमिनीचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि इथे निकाल कंपायलरच देतो, प्रोग्रॅम चालण्याआधी.

देऊन टाकलेली यादी पुन्हा वापरल्याची चूक कंपायलरने दाखवली की नवशिके सरसकट 'क्लोन' लिहून मोकळे होतात, म्हणजे पुन्हा अख्ख्या यादीची प्रत. सरासरी काढायला तिची गरजच नाही. फंक्शनला यादी फक्त वाचायची आहे, तेव्हा ती उसनी द्यावी. वाचण्यापुरती ती एकाच वेळी कितीही जणांना देता येते. बदल करायचा असेल तर मात्र एकालाच, आणि तेवढा वेळ बाकी कुणी तिला हात लावायचा नाही.