काकूंच्या पिशवीतील तीन पुड्या

फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी असलेली माणसे डॉक्टरांच्या औषधांखेरीज घरी काय काय घेतात, याविषयी आज बोलावयाचे आहे. अमेरिकेत कर्करोगाच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करताना या प्रश्नाचे उत्तर मला बहुधा उशिराच मिळत असे.

कोकणातून मुलाकडे राहावयास आलेले एक गृहस्थ आमच्याकडे येत. कर्करोगाच्या पेशींवर नेमका मारा करणारी गोळी त्यांना चालू होती. दोन महिन्यांनी रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढले आणि गोळी थांबवावी लागली. 'अन्य औषधे' या रकान्यात प्रत्येक भेटीत त्यांनी 'नाही' असेच लिहिले होते. त्या दिवशी मी मराठीत विचारले, "काका, वैद्याचे काही चालू आहे का?" त्यांनी पत्नीकडे पाहिले. काकूंनी पिशवीतून तीन पुड्या काढल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर रागावणार तर नाहीत ना?" डॉक्टरांनी किती चमचे आणि केव्हापासून, एवढेच विचारले. पुड्या बंद झाल्या, आकडे उतरले, गोळी पुन्हा सुरू झाली. कारण पुड्यांचेच होते, असे कोणी ठामपणे म्हटले नाही. काकांनी काही लपविलेही नव्हते. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हते. मराठी येत असूनही दोन महिने मी तो प्रश्न विचारला नाही, ही खंत मात्र माझी आहे.

अशा पुडीत काय असते, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणारी, दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 14 औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक होते. येथे आहारपूरक वस्तू विकण्यास औषधाप्रमाणे शासनाची पूर्वसंमती लागत नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" असे आपण म्हणतो. गाजरातील बीटा कॅरोटीन फुफ्फुसांचे रक्षण करील, या आशेने फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. 1994 साली दिसले ते उलटेच: त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक. सिएटलहून चालविलेला तसाच दुसरा प्रयोग 1996 च्या जानेवारीत मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. गाजर खुशाल खा. गोळीतील गाजर निराळे.

सर्वांत मोठा धोका 'जोडीला' घेण्यात नसून 'ऐवजी' घेण्यात आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली दाखविले की, शरीरात इतरत्र न पसरलेला फुफ्फुसाचा कर्करोग असताना केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांत मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता. शस्त्रक्रियेने हाती येऊ शकणारा काळ अशा रीतीने निसटतो.

जोडीच्या सर्वच गोष्टी त्याज्य नाहीत. मळमळीवर आले, वेदनेवर ॲक्युपंक्चर, धाप लागल्यास श्वासाचे व्यायाम यांचा अनेकांना उपयोग होतो; मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र विभागही असतात. रुग्णासाठी केलेली प्रार्थना आणि एलियाहू हन्नबीचा मलिदा यांचे कोणत्याही गोळीशी वैर नाही. ताटातील फळांत ग्रेपफ्रूट असेल तर मात्र आधी विचारा. काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण त्याने वाढते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उलट अनेक गोळ्यांचा प्रभाव घटविते. पुढील भेटीस जाताना घरातील पुड्या, काढे, कॅप्सूल, सारे एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.