ध्रुवीय वारा व अर्ध्या व्होल्टचे विभवांतर

ध्रुवप्रदेशांवरील वातावरणातून हायड्रोजनचे आयन स्वनातीत वेगाने अवकाशात वाहत असतात. ते हलके असल्यामुळे आपोआप उडून जातात, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तेवढ्याने भागत नाही. पृथ्वीच्या बंधनातून सुटण्यास प्रोटॉनला सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि आयनांबरातील कणांची औष्णिक ऊर्जा त्याहून बरीच कमी असते.

उत्तर इलेक्ट्रॉनांत आहे. त्यांचे वजन नगण्य असल्याने ते वर पसरू पाहतात. ऑक्सिजनचे जड आयन मात्र खाली राहू पाहतात. किंचित विलगन होताच विद्युत्क्षेत्र उत्पन्न होते आणि दोहोंना एकत्र बांधते. ताऱ्यांच्या वातावरणासंबंधी ही कल्पना पान्नेकूक यांनी १९२२ मध्ये मांडली होती. दोन्ही प्रकारच्या कणांचे तापमान समान असेल, तर हे क्षेत्र ऑक्सिजन आयनाचे निम्मे वजन, म्हणजे आठ प्रोटॉनांचे वजन, तोलून धरते. येथेच खरी मौज आहे. क्षेत्र घडते ते ऑक्सिजनमुळे. पण तेच बल एकट्या प्रोटॉनवर पडले की तो वर फेकला जातो. इलेक्ट्रॉन आयनांच्या दुप्पट तप्त असतील, तर हा वाटा निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जातो व बल प्रोटॉनच्या वजनाच्या सुमारे १०.७ पट होते.

अन्य अक्षांशांवर बंद बलरेषा प्लाझ्माला अडवून धरतात. ध्रुवांवर त्या अवकाशात दूरवर उघडतात. अ‍ॅक्सफर्ड यांनी, तसेच बँक्स व होल्झर यांनी १९६८ मध्ये या प्रवाहाची उपपत्ती दिली. क्षेत्र मात्र मीटरमागे सुमारे एक मायक्रोव्होल्ट एवढेच असल्याने त्याचे मापन दीर्घकाळ साधले नाही. ११ मे २०२२ रोजी स्वालबार्डमधील नी-ओलेसुन्द येथून नासाचे ‘एन्ड्युरन्स’ रॉकेट सोडण्यात आले. सूर्यप्रकाशाने मुक्त झालेल्या, ज्ञात ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी वर चढताना किती ऊर्जा गमावली, हे त्याने मोजले. २४८ ते ७६८ किलोमीटरांच्या दरम्यान विभवांतर भरले ०.५५ व्होल्ट, आणि प्रोटॉनवरील बल त्याच्या वजनाच्या १०.६ पट. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. घड्याळातील बॅटरीहूनही क्षीण असा हा दाब. तथापि प्रोटॉनच्या निसटण्यास लागणारी बहुतेक ऊर्जा तो एकटाच पुरवितो.

ऑक्सिजन आयनाचे भागत नाही. त्याला सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. क्षेत्रामुळे त्याचे परिणामी वजन जवळजवळ एक-तृतीयांशावर येते व त्याची मापउंची ७७ किलोमीटरांवरून २०८ पर्यंत वाढते. तेथून पुढे त्याला नेण्याचे काम मुख्यतः प्लाझ्मातील तरंगांकडून होणाऱ्या तापनाचे असते.