सत्तावीस मिनिटांचा कॅल्क्युलेटर

दिवाळीच्या सुटीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उज्जैनला घरी गेलो, तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळलेला एक संगणक होता. रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर, आणि त्यात वाय-फायसुद्धा! त्याला सोळा बटणांचा कीपॅड आणि छोटा स्क्रीन जोडून बाबांसाठी कॅल्क्युलेटर केला होता. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. सूर्योदय, मध्यान्ह यांची गणितं अजूनही वहीत करतात. मी ऐटीत म्हटलं, "बाबा, आता वही बंद. तारीख टाका, उत्तर तयार!"

कीपॅडची जोडणी सोपी असते. चार आडव्या ओळी, चार उभ्या, म्हणजे आठ वायरी. प्रोग्रॅम एकेका आडव्या ओळीत सिग्नल सोडतो आणि तो कोणत्या उभ्या ओळीतून परत येतो ते पाहतो. त्यावरून दाबलेलं बटण कळतं.

खरी गंमत गणितात आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात. उज्जैन सुमारे ७५.७७ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे.

माझ्या यंत्राने मध्यान्ह दाखवली ११.१७. बाबांनी वही उघडली. "माझ्याकडे १२.१० येतंय. चल, सूर्यालाच विचारू."

आम्ही वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वास्तू १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात दुरुस्त झाली. गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक. भारतीय ज्योतिषातली शून्य रेखा उज्जैनवरूनच जाते, हे शाळेत असताना बाबांनी इथेच सांगितलं होतं. ११.१७ ला सम्राट यंत्राची सावली पश्चिमेच्या कमानीवर चांगली लांब होती. ती भिंतीशी येऊन मिटली तेव्हा मोबाइलमध्ये १२.१० होऊन गेले होते. २७ मिनिटं मिळवायची, ती मी वजा केली होती! एका चिन्हाने ५४ मिनिटांचा घोळ.

बाबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेरीज की वजाबाकी, ते यंत्राला कसं कळणार? ते तुला कळायला हवं."

त्याच रात्री लाइट गेली. परत आली तेव्हा कॅल्क्युलेटर जुनीच वेळ दाखवत होता. या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि राउटर अजून सुरू व्हायचा होता. मग डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल बटण सेलसह बसवलं.

आता तो बाबांच्या टेबलावर आहे. घरच्या वाय-फायवर असल्यामुळे त्याचं उत्तर आईच्या मोबाइलवरही दिसतं. वही मात्र बंद झालेली नाही. बाबा आधी वहीत गणित करतात, मग बटण दाबतात.

तुम्हीही करून बघा. तुमच्या गावचे रेखांश ८२.५ मधून वजा करा, चारने गुणा. मग गच्चीत एक काठी सरळ उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते, ते मुलांना टिपून ठेवायला सांगा.