रात्रीच्या पाण्यासाठी दिव्याची काठी

पिकास पाणी देण्याचे काम दिवसाउजेडी व्हावे हे सर्वांनाच मान्य आहे. तथापि ते नेहमी शेतकऱ्याच्या हाती नसते. कालव्याच्या लाभक्षेत्रात शेजपाळीने ज्याची वेळ येईल त्याने पाणी घ्यावयाचे असते, मग ती वेळ भर दुपारची असो वा मध्यरात्रीची. विहिरीवर पंप असलेल्या शेतकऱ्यास विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावे लागते. आठवड्यातील काही दिवस वीज दिवसा व काही दिवस रात्री, अशी पद्धत अनेक वाहिन्यांवर चालत आली आहे. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. ज्या वाहिन्या त्या योजनेखाली आल्या तेथील शेतकऱ्यांची रात्रपाळी सुटते. इतरत्र आणि कालव्याच्या पाळीवर मात्र रात्री दारे धरण्याचे काम अद्याप चुकलेले नाही. ज्यांना ते करावे लागते त्यांच्यासाठी एका साध्या साधनाची माहिती येथे देण्यात येत आहे. हे साधन म्हणजे खालच्या भागी दिवा बसविलेली काठी होय.

दिवा आणि काठी या दोन्ही वस्तू शेतकऱ्यास नव्या नाहीत. पूर्वी रात्री शेतात जाणारा मनुष्य एका हातात कंदील व दुसऱ्या हातात काठी घेऊन निघत असे आणि फावडे खांद्यावर टाकीत असे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. त्याचा उजेड आजच्या मानाने फारच मंद. वाऱ्याने ज्योत हले, काच काजळे आणि रॉकेल संपत आले की बांधावरच अंधार होई. दारे मोडण्याची वेळ आली म्हणजे कंदील खाली ठेवावा लागे, काठीही टाकावी लागे आणि मनुष्य नेमका ओल्या, अंधाऱ्या जागी रिकाम्या हाताने वाके. पुढे विजेरी आली. खेड्यात तिलाच ‘बॅटरी’ म्हणतात. सेल लवकर उतरू नयेत म्हणून ती क्षणभर लावून लगेच विझविण्याची सवय लोकांना लागली, आणि दोन उजेडांच्या मधली दहा-वीस पावले अंधारातच पडू लागली. अलीकडे डोक्यास पट्ट्याने बांधावयाची विजेरी सर्वत्र मिळते. तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात व उजेडही भरपूर पडतो. मग काठीवर निराळा दिवा कशास हवा, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो.

उजेड कोठून पडतो?

याचे उत्तर सावलीत आहे. जमिनीवर पडलेली वस्तू रात्री आपल्याला दिसते ती तिच्या रंगामुळे फारशी नव्हे, तर तिच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. घोणशीच्या अंगावरील ठिपके वाळल्या पाल्यात इतके मिसळून जातात की दिवसासुद्धा ती सहज ध्यानात येत नाही. डोक्यावरील विजेरीचा उजेड डोळ्याच्या जवळूनच निघतो. त्यामुळे वस्तूची सावली बरोबर वस्तूच्या मागे पडते आणि पाहणाऱ्यास ती दिसतच नाही. जमीन पांढुरकी, सपाट व सर्वत्र सारखी भासते.

एक साधा हिशेब करून पाहावा. दीड मीटर अंतरावर तीन सेंटीमीटर जाडीचा साप पडलेला आहे असे समजू. दिवा जमिनीपासून १६० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे कपाळाशी असेल, तर सापाची सावली जेमतेम तीन सेंटीमीटर लांब पडेल आणि तीही त्याच्या आड लपेल. तोच दिवा ४५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे गुडघ्याशी असेल, तर सावली सुमारे पावणेअकरा सेंटीमीटर होईल. डोळे उंचावर व दिवा खाली असल्याने ती काळी पट्टी वरून स्पष्ट दिसेल. काठी पुढे टाकताना दिवाही हलतो, सावली सरकते, आणि सरकणाऱ्या वस्तूकडे लक्ष आपोआप जाते. जुन्या कंदिलाचा उजेड थोडा होता हे खरे, परंतु तो हातात खाली लोंबत असल्यामुळे योग्य जागेवरून पडत होता. नव्या विजेरीने उजेड वाढविला आणि त्याची जागा बिघडविली. काठीवरील दिव्याने जुनी जागा व नवा उजेड एकत्र येतात.

पावसाळी रात्रीही याचा उपयोग होतो. डोळ्याजवळच्या दिव्यामुळे समोरचे पावसाचे थेंब व धुके चमकतात आणि पलीकडचे काही दिसेनासे होते. दिवा खाली असला म्हणजे ही चकाकी कमी होते.

ठोका आणि उजेड

रात्री काठी आपटीत चालावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश रास्त आहे. सापास बाहेरचे कान नसले तरी जमिनीतून येणारा कंप त्यास कळतो, आणि वाट मिळाल्यास पुष्कळदा तो बाजूस सरकतो. परंतु केवळ ठोक्यावर विसंबणे धोक्याचे आहे. घोणस बहुधा जागची हलत नाही. वेटोळे घालून पडून राहते आणि अगदी जवळ गेल्यावर जोराचा फूत्कार टाकते. कोकणातील जांभ्या दगडाच्या कातळावर आढळणारे फुरसेही हात-दीड हात लांबीचे असून दगडाशी दबून बसते. शिवाय पाणी दिलेल्या भुसभुशीत जमिनीत ठोका दबून जातो, म्हणजे जेथे गरज अधिक तेथेच तो कमी पोचतो. जो साप ठोक्याने सरकतो त्याच्यासाठी काठी, आणि जो सरकत नाही त्याच्यासाठी दिवा, अशी ही विभागणी आहे. म्हणून दोन-तीन ठोके द्यावेत, क्षणभर थांबावे, सावल्या पाहाव्यात व मग पाऊल टाकावे. काम लांबते अशी तक्रार काही शेतकरी करतात. सरीच्या टोकापर्यंत जाण्यास एखादे मिनिट अधिक लागते, हे कबूल केले पाहिजे.

प्रश्न किरकोळ नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देण्यात आला आहे. यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील असून बहुसंख्य माणसे खेड्यांतील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली.

काठी कशी करावी

चालण्यासाठी आधार म्हणून वापरावयाची काठी कमरेइतकी पुरते. शेतातील काठी मात्र छातीपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाशे सेंटीमीटर लांब असावी. त्यामुळे पाचट किंवा गवत दुरूनच बाजूस सारता येते. जाडी मुठीत सहज मावेल इतकी ठेवावी. यासाठी भरीव बांबू उत्तम. कोकणातील माणगा व इतर भागांतील मानवेल हे दोन्ही चांगले, कारण त्यांची पोकळी अगदी लहान असते. बांबू तीन वर्षांचा, पक्व झालेला घ्यावा. कोवळ्या बांबूस भुंगा लवकर लागतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविल्यास कीड कमी लागते. टोकास शेंबी बसवावी. लोखंडी शेंबी दगडावर चांगली वाजते. रबरी शेंबी घसरत नाही, पण ठोका देत नाही. शेतासाठी लोखंडी व घरातील वृद्धासाठी रबरी, असा भेद करणे योग्य होईल.

दिव्यासाठी फार खटपट करण्याचे कारण नाही. डोक्यास बांधावयाची जी विजेरी वर सांगितली, तिचाच ताणाचा पट्टा काठीभोवती दोन-तीन वेढे देऊन आवळावा. या विजेरीचे तोंड वरखाली वळते, हा तिचा मोठा गुण होय. वजन थोडे असणारी व पाणी आत न शिरणारी विजेरी निवडावी. तिच्यावर ‘आयपी ६५’ किंवा त्याहून वरचा अंक असल्यास उत्तम. पट्टा सैल वाटल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वरून बांधावी. दिवा जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर असावा व उजेडाचा मध्य दीड ते दोन मीटर पुढे पडेल असे त्याचे तोंड किंचित खाली वळवावे.

येथे एक अडचण येते. सरळ काठी हातात फिरते आणि दिव्याचे तोंड भलतीकडे वळते. यावर उपाय म्हणजे मुठीच्या जागी, दिव्याच्या बाजूसच एक खाच पाडावी व चालताना आंगठा त्या खाचेत ठेवावा. अंधारातही दिवा कोणीकडे तोंड करून आहे हे हातास कळते. वाकड्या मुठीची काठी असल्यास खाचेची गरज नाही.

विजेरी रात्रभर पुरेल काय, हे आधी तपासावे. ३.७ व्होल्टचा व दोन हजार मिलिॲम्पिअर-तासांचा एक लिथियम सेल सुमारे साडेसात वॅट-तास वीज साठवितो. एक वॅटचा दिवा त्यावर सहा-सात तासांहून अधिक चालणार नाही, आणि सेल जुना झाल्यावर त्याहूनही कमी. रात्रीची पाळी आठ-दहा तासांची असेल तर दिवा मंद पायरीवर लावावा किंवा दुसरा सेल जवळ ठेवावा. सावलीचे काम मंद उजेडातही भागते. मोडक्या वस्तूंतून काढलेले सेल स्वस्त मिळतात, ते मात्र घेऊ नयेत. तापून पेट घेण्याचा धोका त्यांत असतो.

बाजारात मुठीत दिवा असलेल्या घडीच्या काठ्या मिळतात. त्या घराच्या ओसरीपासून अंगणापर्यंत वृद्धांना उपयोगी आहेत. चिखलात त्यांचे सांधे टिकत नाहीत. मुठीत दिवा असलेली छत्रीही मिळते. छत्री उभी धरली म्हणजे तिचा उजेड धरणाऱ्याच्या पायापाशीच पडतो, पुढचे काही दिसत नाही. पावसात दारे धरताना इरले किंवा रेनकोट अंगावर व काठी हातात, हेच बरे.

वापर व मर्यादा

दाट, गुडघाभर वाढलेल्या गवतात खालचा दिवा पहिल्या पात्यांवरच अडतो. अशा ठिकाणी पट्टा सैल करून दिवा मांडीच्या उंचीपर्यंत वर घ्यावा. लांबची विहीर, ओढ्याची कड किंवा उसाच्या कडेला उभे असलेले जनावर या दिव्याने दिसणार नाही. त्यासाठी खिशात दुसरी विजेरी ठेवावी. जुन्नर, संगमनेर यांसारख्या उसाच्या टापूत, जेथे बिबट्याचा वावर आहे, तेथे एकट्याने न जाता जोडीने जावे व बोलत राहावे. पायात गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट असावेतच. काठीमुळे त्यांची गरज संपत नाही.

दारे मोडताना काठी बांधात रोवून दिव्याचे तोंड दाऱ्याकडे करावे, म्हणजे दोन्ही हात फावड्यास मोकळे राहतात. साचलेले पाचट हाताने उचलू नये, आधी काठीने सारावे. एकाच जागी दिवा फार वेळ रोवून ठेवल्यास किडे जमतात व किड्यांमागे बेडूक येतात, हेही लक्षात असू द्यावे. पंपघरात शिरण्यापूर्वी उंबऱ्यापाशी, कोपऱ्यात व स्टार्टरच्या पेटीखाली उजेड टाकून पाहावे. मात्र स्टार्टर, उघडी वायर किंवा खाली पडलेली तार यांना ही काठी कदापि लावू नये. ओला बांबू व लोखंडी शेंबी यांतून वीज वाहू शकते. तार पडलेली दिसताच दूर राहून वीज कंपनीस कळवावे.

इतके करूनही दंश झालाच तर धावू नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही व सूजही येत नाही; म्हणून काही झाले नाही असे समजून झोपी जाऊ नये. दंशाच्या जागी कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. सोबत्याने ही काठीच पायालगत ठेवून उपरण्याने सैलसर बांधावी, म्हणजे पाय हलत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. सबब साप मारून दाखविण्यासाठी त्याच्या मागे लागू नये. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही लस आहे याची चौकशी पाळी येण्यापूर्वीच करून ठेवावी.

पाळी संपल्यावर दिवा काढून कोरड्या फडक्याने पुसावा व घरी, छपराखाली विजेस लावावा. पंपघराच्या ओलीत तो लावू नये. चिखल लागलेली काठी धुऊन शेंबीचा खिळा सैल झाला आहे काय ते पाहावे आणि ती दाराशी उभी टांगावी, म्हणजे वीज आल्याची हाक आली की अंधारात शोधावी लागत नाही.