शो जंपिंग: अडथळे, दोषगुण आणि बैठक

व्याख्या: मैदानात मांडलेले अडथळे ठरलेल्या क्रमाने आणि नियत वेळेत घोड्यावरून पार करण्याच्या स्पर्धेला शो जंपिंग म्हणतात. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा प्रथम झाल्या.

दोषगुण: दांडा पडला किंवा घोडा एकदा अडला, तर प्रत्येकी ४ दोषगुण मिळतात, स्वार पडल्यास जोडी बाद होते. लाल निशाण उजवीकडे व पांढरे डावीकडे ठेवूनच उडी घ्यावी लागते.

फरक: इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या वेगळ्या प्रकारात ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग असे तीन टप्पे असतात, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

पुणे: पुण्याच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याला असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारीचे शिक्षण दिले जाते.

कौशल्य: इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) यांनी रूढ केलेल्या पुढे झुकलेल्या बैठकीत स्वार रिकिबीवर भार घेऊन खोगिरावरून किंचित उठतो, टाचा खाली ठेवतो आणि मान लांबवणाऱ्या घोड्याच्या तोंडाला हिसका बसू नये म्हणून लगामाचे हात पुढे नेतो. स्पर्धेपूर्वी स्वार मार्ग पायी चालून अंतरे मोजतो. घोड्याची एक ढांग सुमारे ३.६ मीटर, म्हणजे माणसाची साधारण चार लांब पावले, धरली जाते.