मधुमेहजन्य वृक्कविकारात डाळ किती द्यावी?

मधुमेही रुग्णाच्या मूत्रात अल्ब्युमिन आढळले, रक्तातील क्रिएटिनिन वाढले, की आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीतून एकच आदेश उतरतो : 'डाळ बंद.' आम्हीही पूर्वी तसेच लिहीत असू. साक्री तालुक्यातील एका रुग्णाने तो निष्ठेने पाळला. तीन महिन्यांनी आला तेव्हा मांड्यांचे मांस झडले होते आणि साखर उतरून दोनदा भोवळ आली होती. वृक्क क्षीण झाल्यावर इन्शुलिनचा व काही गोळ्यांचा प्रभाव शरीरात अधिक काळ टिकतो. त्यातच आम्ही त्याचे अन्न तोडले होते.

अल्पप्रथिन आहार म्हणजे प्रथिनत्याग नव्हे. अधिक प्रथिनाने वृक्कातील गाळणीवरील दाब वाढतो, म्हणून मर्यादा घालावयाची. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत, डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णास दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिन सुचविले आहे; ६० किलोच्या मनुष्यास ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र गरज वाढून १ ते १.२ ग्रॅमवर जाते.

हा हिशेब खानदेशच्या ताटात मांडून पाहावा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिन, उडदात सुमारे २४. दिवसाकाठी २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून २० ग्रॅम मिळते. तेच पीठ कळण्याचे, तीन भाग ज्वारी व एक भाग उडीद असे असल्यास २७. म्हणजे रुग्ण 'डाळ सोडली' असे सांगतो तेव्हाही भाकरीतून उडीद पोटात जातच असतो! वर शेवभाजीतील बेसन, चटणीतील शेंगदाणे. (शेवेतील मीठ निराळेच.) म्हणून आम्ही आधी पिठाची चौकशी करतो. साधी ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम मुगाची डाळ, पेलाभर दूध, थोडा भात व भाजी एवढ्यात मर्यादा सांभाळली जाते. चरकांनी प्रमेहात यव व मुद्ग पथ्यकर मानले. माष गुरू आहे, हे आपण जाणतोच.

रावेर-यावलकडील रुग्ण केळ्याविषयी हमखास विचारतो. त्याचे उत्तर रक्तातील पोटॅशियम तपासूनच द्यावे. आणि मूत्रल म्हणून आपण सहज लिहितो तो यवक्षार मुख्यत्वे पोटॅशियमचाच क्षार आहे, हेही तेव्हाच आठवावे.

साक्रीच्या रुग्णाचे वरण आम्ही पुन्हा सुरू केले. तेव्हापासून चिकित्सालयात लहान तराजू ठेवला आहे. घरची वाटी आणावयास सांगतो व ५० ग्रॅम कच्ची डाळ त्या वाटीत कुठवर येते ते गृहिणीस दाखवितो.